दोघांच्या नावाचा परवाना

स्केरी टिकल, न्यूफाउंडलंड
१९ जानेवारी २०१५

लोरेटा,

पाकीट फाडून टाकायच्या आधी आतला फोटो काढून घे. टेरी-लिनचा आहे, शाळेतला. पोरीने तुझं काही बिघडवलेलं नाही. मग हवं तर पत्र चुलीत घाल. तिकडे अल्बर्टात तुमच्याकडे चुली नसतातच म्हणा, भिंतीतून गरम हवा येते म्हणे.

चार वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि आजही ख्यालीखुशालीसाठी लिहीत नाही. अक्षर असंच आहे, वाचून घे. तू बारावी झालीस, मी सातवीतून उठून माशाच्या कारखान्यात गेले. कोणाच्या वह्यापुस्तकांसाठी गेले ते तुला माहीत आहे, त्यावर शाई घालवत नाही.

काम असं आहे. करवाल्यांचं पत्र आलंय. टेरी-लिनच्या नावाने सरकार महिन्याला जे पैसे देतं ते नोव्हेंबरपासून बंद केलेत, आणि तीन वर्षं जे दिले तेही परत मागतायत. अकरा हजार चारशे डॉलर. का, तर मी दर वर्षी त्यांच्या कागदावर ‘नवऱ्यापासून वेगळी’ या चौकोनात खूण करते आणि अ‍ॅम्ब्रोज दर वर्षी ‘विवाहित’ या चौकोनात. वर पत्ता माझाच देतो. दोन खुणा जुळेनात, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की बाईच खोटारडी. नवरा तेलाच्या खाणीत खोऱ्याने ओढतोय आणि ही एकटी आई म्हणून जादाचे पैसे लाटतेय.

आता त्यांना काय सांगू? या गावातल्या अर्ध्या घरांतले पुरुष अल्बर्टात. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. नवरा कामाला गेलेली बाई आणि नवऱ्याने टाकलेली बाई, बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. दोघी आपापल्या दारातला बर्फ स्वतः उपसतात.

मला तुझी माफी नको. एक कागद हवाय. त्यावर एवढंच लिही की अ‍ॅम्ब्रोज टिझर्ड हा डिसेंबर २०१० पासून माझ्या घरात माझ्याबरोबर राहतो. खाली सही आणि पत्ता. खरं तेच लिहायचंय. खरं लिहायला तुझं काय जातं?

लवकर पाठव.

व्हर्ना


४ फेब्रुवारी

लोरेटा,

पत्र पोचलंय. ऑगस्टाने पोस्टाच्या यंत्रात बघून सांगितलं. तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस.

काल करवाल्या बाईला फोन लावला. तास-दीड तास नुसती गाणी ऐकवली. मग एक पोरगी आली, आवाज असा मऊ की जणू मी आजारी आहे.

“मिसेस टिझर्ड, विभक्त झाल्यावरही तुमच्यात आणि त्यांच्यात काही सामायिक आहे का?”

“अर्धा मूस.”

“काय म्हणालात?”

“मूस हो, जंगलातला, मोठ्या शिंगांचा. शिकारीचा परवाना दोघांच्या नावावर आहे. लग्न धड होतं तेव्हा अर्ज टाकला होता. मध्येच एकाचं नाव काढलं की रांगेत शेवटी जाऊन उभं राहावं लागतं, वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. म्हणून नाव तसंच ठेवलं. इथला पत्ता असल्याशिवाय त्याला मिळत नाही, म्हणून पत्ताही तसाच. तो येतो, मारतो, अर्धा मला, अर्धा त्याला.”

“म्हणजे तुम्ही अन्न एकत्र साठवता.”

“एकत्र कसलं? मागचे पाय माझे, पुढचे त्याचे!”

टकटक टकटक लिहून घेत होती. मला वाटलं, बरं झालं, मुलीला पटलं. म्हणून मी परवान्याची प्रतसुद्धा पाठवून दिली, ‘बघा, फक्त मुसापुरतं आहे’ म्हणून. दोन नावं, एक पत्ता, वर सरकारचा शिक्का. ऑगस्टाने कपाळावर हात मारला. म्हणाली, “व्हर्ना, चोराने स्वतःच बेड्या नेऊन दिल्यासारखं झालं हे.” मी चोर नाही, पण हात दाखवून अवलक्षण झालं खरं.

आणि तो पुढचा अर्धा मूस जातो कुठे, ते मी त्या पोरीला सांगितलं नाही. थंड पेटीत घालून विमानाने तुझ्याकडेच येतो. चार वर्षं माझ्या परवान्यावरचं मटण खातेस, लो. शिजवतेस तरी नीट का? मुसाला डुकराची चरबी लावावी लागते, नाहीतर चामडं होतं.

करवाले मला पैशांचंही विचारतात. पोरीसाठी तो काय देतो? देतो, पाकिटात घालून, रोख, येईल तेव्हा. पावती? बापाकडून पोरीच्या बुटाच्या पैशांची पावती कोण घेतं?

आता त्यांना दोन गोष्टींपैकी एक हवीय. एक, गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांची पत्रं, नातेवाईक नकोत. नाहीतर, तो जिथे राहत होता तिथल्या माणसाचं. एप्रिलच्या तीस तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा. नंतर नाही.

तिथलं माणूस म्हणजे तूच. लिही.

व्हर्ना


२३ फेब्रुवारी

तुझ्या सहा ओळी मिळाल्या. एवढं शिकून सहा ओळी.

तू लिहितेस की मलाही माझ्या पोराचे, कोल्टनचे पैसे एकटी आई म्हणून मिळतात, अ‍ॅम्ब्रोज इथे राहतो असं लिहून दिलं तर त्याचा पगार माझ्या पगारात धरतील आणि माझ्याकडूनही सगळं परत मागतील, आणि दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या खुर्चीवर बसून मी ते कुठून देऊ.

हे वाचून मी टेरी-लिनला विचारलं, “तुझं गणित चांगलं आहे ना? मग सांग. एक माणूस चार वर्षं आईकडे राहत नाही आणि मावशीकडेही राहत नाही. तर तो राहतो कुठे?”

ती म्हणाली, “विमानात?”

हसू नकोस. मी हसले नाही.

म्हणजे इकडे मी खरं लिहिलं म्हणून माझी मान धरली, आणि तिकडे तू खोटं लिहिलंस म्हणून तुला दर महिन्याला पैसे. नवरा तुझ्याकडे आणि त्याच्या नावाचा दंड माझ्याकडे. अशी वाटणी मी मुसाचीसुद्धा करत नाही.

‘मला समजून घे’ असं शेवटी लिहिलंयस. समजलं मला. समजून घेण्याने टाकी भरत नाही. तेलाची टाकी पंचवीस तारखेपर्यंत पुरेल. मग फक्त स्वयंपाकघरातली लाकडाची चूल. आत्ताच आम्ही दोघी तिथेच झोपतो, वरच्या खोल्या बंद करून. तुझी खोलीही बंद केली. तुझा तो निळा कोट अजून खुंटीवर आहे. टेरी-लिन घालते.

व्हर्ना


१२ मार्च

लोरेटा,

काल दुपारी दार वाजलं.

या गावात दार कोणी वाजवत नाही हे तू विसरली नसशील. सरळ आत यायचं, किटली चढवायची. दार वाजलं म्हणजे पोलीस, नाहीतर परका. मला वाटलं, करवाले आले. टेरी-लिनला म्हटलं, तोंड बंद ठेव.

उघडलं तर अ‍ॅम्ब्रोज. भुवयांवर बर्फ, खांद्यावर बाबांची ती हिरवी पिशवी.

“दार कशाला वाजवलंस?”

“म्हटलं, आता मी इथला नाही ना.”

“हे करवाल्यांना सांग, मुडद्या!”

तेलाचा भाव पडला, त्याची नोकरी गेली, ते मला रेडिओवरून कळलंच होतं. मी विचारलं, आणि ती? तर म्हणे, “तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरून दारात ठेवली. म्हणाली, कोणी बघायला आलं तर घरात पुरुषाचे बूट दिसता कामा नयेत. पाच आठवडे एका दोस्ताकडे काढले. मग पैसे संपले.”

मी हसले. खरंच हसले, लो, भिंतीला धरून. चार वर्षं मी चर्चच्या बाकावर बसून एकच मागितलं की तिने ह्याला हाकलावं. दिलं ते असं दिलं. मीच तिकीट चिकटवलेल्या पाकिटातून.

बाहेर वादळ, रस्ता बंद. आत घेतला तर करवाल्यांचं म्हणणं खरं होतं. बाहेर ठेवला तर मरतो. मग धक्क्यावरच्या छपरीत, बाबांच्या जाळ्यांवर झोपवला. तिथली छोटी भट्टी पेटवून दिली. ताट टेरी-लिन नेऊन देते. तोंड धुवायला घरात येतो तेव्हा बूट बाहेर काढतो, आणि मी ते लगेच उचलून छपरीत नेऊन ठेवते. तिकडे तू बूट काढलेस, इकडे मी बूट लपवते. एका माणसाचे बूट लपवण्यात आपल्या दोघींचा जन्म चाललाय.

सकाळी मी त्याच्यापुढे कागद ठेवला. म्हटलं, तूच लिही मग, कुठे राहत होतास ते.

“मी लिहिलं की लोरेटावर जाईल.”

“आणि माझ्यावर आलंय ते?”

चहात पाव बुडवला. मग म्हणाला, “तू खंबीर आहेस, व्हर्ना.”

ओझं लादायच्या आधी घोड्याच्या मानेवर थाप मारतात ना, तशी थाप ती. माझ्या छपरीत झोपतो, माझी लाकडं जाळतो, माझ्या पोरीच्या हातचं खातो, आणि राखतो तुला. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आनंद झाला असेल तर कर साजरा.

दर वर्षी ‘विवाहित’ला खूण का करतोस, तेही विचारलं. म्हणे, “हिशेबवाला विचारतो, मागच्या वर्षीसारखंच का? मी म्हणतो, हो.”

एवढ्यावर अकरा हजार चारशे डॉलर.

व्हर्ना


२७ मार्च

लोरेटा,

प्रतिष्ठित माणसं शोधत फिरतेय.

आधी पाद्रीबाईंकडे गेले. भल्या आहेत, चहा केला, तळलेल्या पावावर काकवी घालून दिली. मग म्हणाल्या, “व्हर्ना, मला इथे येऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या जेवणात तुम्ही दोघं एकाच बाकावर बसला होतात. मी कसं लिहू?”

“बाकावर तेवढीच जागा होती!”

“असेल. पण मी पाहिलं ते बाकच.”

मग ऑगस्टाकडे. पोस्टमास्तरीण म्हणजे सरकारचंच माणूस. ती काउंटरवर दोन्ही कोपर टेकून माझ्याकडे बघतच राहिली. “वेगळी? कधी झालीस गं वेगळी? चार वर्षं तूच सांगतेस ना, अ‍ॅम तिकडे आहे, तीन आठवड्यांनी येतोय, यंदा जास्तीचं काम लागलंय. आणि ख्रिसमसला त्याचं पार्सल येतं तुझ्या नावाने, मीच देते ना तुझ्या हातात! गेल्या वर्षी तो लाल स्वेटर...”

पार्सल आलं की माणूस घेतं. शहरातल्या दुकानात कोणीही पैसे भरून कोणाच्याही नावाने पार्सल पाठवू शकतं. तो विषय नको.

“मला सांगितलं असतंस,” ऑगस्टा म्हणाली, “तर मी कोणाला बोलले नसते.”

“ऑगस्टा, तू आख्ख्या खाडीला बोलली असतीस.”

“ते खरं,” ती म्हणाली. “पण मग आज आख्खी खाडी तुझ्या बाजूने लिहायला आली असती.”

बाहेर येऊन मी गाडीच्या टपावरचा बर्फ काढत बसले. काढून झाला तरी काढत होते.

तर प्रतिष्ठित कोणी नाही. आता घराचं ऐक. टोरांटोचं एक जोडपं गेल्या उन्हाळ्यात आलं होतं, त्यांनी पुन्हा फोन केला. बाबांचं घर आणि धक्का दोन्ही हवंय, उन्हाळ्यातले सहा आठवडे येऊन समुद्र बघायला. बाई म्हणते, छपरी पाडणार नाही, तिथे चित्रं काढेन. देतायत ते पैसे करवाल्यांना पुरून थोडे उरतील. मग मी आणि टेरी-लिन कुठे जाणार ते विचारू नकोस. मलाही माहीत नाही. शहरात कोणाच्या तरी तळमजल्यावर.

बाबांनी घर दोघींच्या नावावर केलंय, म्हणून विकायला तुझी सही लागेल. म्हणजे या सगळ्यातून सुटायचे दोन रस्ते, आणि दोन्हींच्या तोंडाशी तुझीच सही. ज्या बाईशी बोलायचं नाही अशी शपथ घेतली होती तिची.

दोन्हींतलं एक पाठव. माझ्याच्याने आता होत नाही.

व्हर्ना


१५ एप्रिल

लो,

खाडीत अजून बर्फ आहे. बर्फ हटल्याशिवाय खेकड्याच्या होड्या निघत नाहीत आणि होड्या निघाल्याशिवाय कारखाना उघडत नाही. बेकारीचे पैसे गेल्या आठवड्यात संपले. वरच्या मजल्यावरचा नळ गोठून फुटला, स्वयंपाकघराच्या छतातून पाणी आलं. अ‍ॅम्ब्रोजने येऊन दुरुस्त केला. दुरुस्त करून झाल्यावर हातातला पाना घेऊन उभाच राहिला, जेव म्हणेन म्हणून. मी म्हटलं, जा छपरीत. खाली मान घालून गेला. टेरी-लिन रडली, माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मग निजताना म्हणाली, “आई, आपण खोटं बोललो का सरकारशी?”

“नाही.”

“मग ते पप्पांना घरात का येऊ देत नाहीत?”

काय सांगू? तूच शिकलेली आहेस, तू सांग.

मी कोणापुढे वाकले नाही, लो. बाबा गेले तेव्हा नाही, अ‍ॅम गेला तेव्हा नाही. आज तुझ्यापुढे वाकते. घर गेलं तर परत येत नाही.

आणि आता लिहायलाच बसलेय तर हेही घे. कागद करवाल्यांना हवाय हे खरं, पण मलाही हवाय. तू कधी म्हणालीच नाहीस. त्याने बूट घातले आणि तू फोन उचलणं बंद केलंस. गावात, चर्चात, कोणाच्याही तोंडून ते वाक्य कधी निघालं नाही, माझ्यासुद्धा. कधीकधी मलाच वाटतं, मला वेड लागलंय, तो खरंच तीन आठवड्यांनी येणार आहे. एकदा तुझ्या अक्षरात बघू दे. ‘तो माझ्याबरोबर राहत होता.’ चार शब्द. मग मी ते वाचेन आणि करवाल्यांच्या पाकिटात घालेन आणि पुन्हा तुला कधी त्रास देणार नाही.

व्हर्ना


२८ एप्रिल

तुझं जाड पाकीट काल आलं.

मी हात धुऊन, चष्मा लावून, दार लावून बसले. आणि काय वाचलं? ‘श्री. अ‍ॅम्ब्रोज टिझर्ड हे डिसेंबर २०१० ते जानेवारी २०१५ या काळात माझ्या घराच्या तळघरातील खोलीत भाडेकरू म्हणून राहत होते. भाडे दरमहा सहाशे डॉलर, रोख. आमच्यात घरमालकीण आणि भाडेकरू याव्यतिरिक्त कोणताही संबंध नव्हता.’ खाली सही. आणि पन्नास पावत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत, मध्ये एकदा चहाचा डाग.

आणि चिठ्ठी. ‘असं केलं तर दोघी वाचतो. मला एवढंच जमतं. लो.’

मी छपरीत गेले. तो जाळं विणत होता. मी म्हटलं, “काय रे, तळघरात गरम असायचं का?”

“कुठल्या तळघरात?”

मेल्याला धड खोटंही बोलता येत नाही. मग मी कागद वाचून दाखवला. त्याने जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. म्हणाला, “हुशार आहे ती.”

हुशार आहेसच. मी चार खरे शब्द मागितले, तू पन्नास खोट्या पावत्या पाठवल्यास. मी म्हटलं होतं, मला दिसू दे. तू मला दाखवलंस की काही झालंच नाही. माझा नवरा भाड्याने राहत होता. मी चार वर्षं एका भाडेकरूसाठी रडले.

आणि वर हे मीच सरकारला द्यायचं. त्यांच्या कागदाच्या शेवटी एक ओळ आहे, ‘सोबत जोडलेले सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे’, आणि त्याखाली माझी सही. तुझी नाही, माझी.

जाळून टाकणार होते. चुलीचं झाकण उघडलं होतं. टेरी-लिन निळा कोट घालून समोर बसली होती, हातमोजे घालून गणित करत होती.

झाकण लावलं.

परवा तीस तारीख.

व्हर्ना


२९ एप्रिल

पाठवलं.

ऑगस्टाने पाकीट तोलून बघितलं. “एवढं जाड काय गं?”

“पावत्या. अ‍ॅमच्या भाड्याच्या.”

“कुठल्या भाड्याच्या?”

“माझ्या बहिणीच्या तळघरात राहायचा तो. भाडं देऊन.”

ऑगस्टाचं तोंड उघडं राहिलं. “म्हणजे मी पार्सलांचं आठवून घरी जाऊन विचार केला, आणि मला वाटलं की लोरेटा आणि तो...”

“तुला काहीही वाटतं, ऑगस्टा. माझी बहीण तशी नाही. मार शिक्का.”

मारला.

तुझ्यासाठी मी आजवर बऱ्याच गोष्टी केल्या, पण ही सगळ्यात महाग पडली. कारखान्यातली सगळी वर्षं धरून.

व्ह.


८ मार्च २०१६

लोरेटा,

एवढ्या महिन्यांत लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. आता सगळं एकदम सांगते.

जुलैत त्या मऊ आवाजाच्या पोरीने फोन केला. मी कारखान्यातून नुकतीच आले होते, हाताला खेकड्यांचा वास.

“म्हणजे तुमची बहीण केवळ घरमालकीण होती?”

“हो.”

“आणि तुमचे बहिणीशी संबंध कसे आहेत, मिसेस टिझर्ड?”

तिला काय करायचं होतं कोण जाणे. मी म्हटलं, “चांगले.” ती टकटक लिहून घेत राहिली. सप्टेंबरात पत्र आलं. मागणी मागे घेतली, आणि अडवलेले महिने एकरकमी दिले. टाकी भरली. नळ बदलले. टेरी-लिनला चष्मा केला, पोरीला चार वर्षं फळा दिसत नव्हता आणि तिने सांगितलं नाही. माझ्यावरच गेलीय. टोरांटोवाल्यांना नाही म्हणून सांगितलं.

अ‍ॅम्ब्रोज खाडीपलीकडे त्याच्या भावाकडे राहतो, होडीवर जातो. या वर्षी हिशेबवाल्याकडे मी त्याच्या बरोबर गेले आणि त्याने ‘विभक्त’ला खूण करेपर्यंत खुर्चीमागे उभी राहिले. हिशेबवाला म्हणाला, “अरेरे, कधी झालं?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तुमच्याकडे दुकानं बंद होतायत, माणसं घरं सोडून चाललीत, असं ऐकते. ख्रिसमसच्या कार्डात तू काही लिहिलं नाहीस. पण कार्डामागचा पत्ता बदललाय. एका खोलीचा दिसतो. दवाखान्यातली खुर्ची गेली का?

आता महत्त्वाचं. मुसाच्या परवान्याचा अर्ज आलाय. मी त्यातून अ‍ॅम्ब्रोजचं नाव काढतेय. रांगेत शेवटी जाईन, गेले. दुसऱ्या नावाची ओळ रिकामी आहे. तिथे बहीण चालते, मी विचारलं. पण ती इथे काही महिने राहिलेली असावी लागते. घरावर तुझं नाव आहे, तेव्हा आत्ताच तुझं नाव टाकून खाली इथला पत्ता लिहिला तर कोणी विचारणार नाही. तरी मी लिहिणार नाही. माझ्या पत्त्यावर न राहणाऱ्या माणसाचं नाव मी परत कुठल्याच कागदावर घालणार नाही. यंदाचा अर्ज एकटीचा जाईल. पुढच्या वर्षीचा दोघींचा करायचा असेल तर तू ये. कोल्टनला घेऊन, सामानासकट, बुटांसकट. वरची तुझी खोली उघडलीय. कोट मात्र मिळणार नाही, तो आता टेरी-लिनचा.

माफ केलं असं समजू नकोस. माफ करायला माणसाने आधी काही केलेलं असावं लागतं, आणि सरकारी दप्तरात माझ्या सहीने लिहून ठेवलंय की तू काहीएक केलेलं नाहीस. आता ते मलाही खोडता येत नाही. गावात कोणी तुझ्याबद्दल बोललं तर भांडावंही मलाच लागतं. दोनदा भांडलेय.

फक्त आलीस की एकदा, पोरं बाहेर गेल्यावर, स्वयंपाकघरात समोर बसून ते चार शब्द तोंडाने सांग. कागदावर नको. कागद बघून झाले माझे.

आणि लो, दार वाजवू नकोस.

व्हर्ना